सेझच्या कुंपणाबाहेर नक्की काय बदलतं?

रेवाकाठ

नमस्कार. मी एमए अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी ‘विशेष आर्थिक क्षेत्रे आणि प्रादेशिक विकास’ हा विषय स्वतः हात वर करून घेतला आणि आता निस्तरतेय. (विशेष आर्थिक क्षेत्र म्हणजेच सेझ किंवा झोन: निर्यातीसाठी कर-जकातीची सवलत दिलेला, बहुधा कुंपण घातलेला भाग.)

वाचन बरंच झालंय. अंकटाडच्या (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद) २०१९ च्या अहवालाप्रमाणे १४७ अर्थव्यवस्थांमध्ये मिळून सुमारे ५,४०० झोन आहेत आणि त्यातले जवळपास निम्मे एकट्या चीनमध्ये. चीनमधलं शेन्झेन प्रत्येक पुस्तकात पहिल्याच प्रकरणात भेटतं. सेनेगलमधल्या डाकारचा १९७४ चा झोन कसा फसला, तेही भेटतं. पण दोन्हीकडे मोजपट्टी एकच: निर्यात किती, गुंतवणूक किती, नोकऱ्या किती. हे सगळं कुंपणाच्या आतलं झालं. माझ्या विषयाच्या नावात ‘प्रादेशिक’ हा शब्द आहे आणि नेमका तोच कुठे सापडत नाही.

सरांना विचारलं तर म्हणाले, “लिंकेजेसवर लिही.” लिंकेज म्हणजे बाहेरच्यांकडून माल घेणं, हे व्याख्येपुरतं ठीक. प्रत्यक्षात ते दिसतं कसं? कुठे अडतं? कोणी जवळून पाहिलं असेल तर कृपया सांगा. लिंका नकोत, त्या ढीगभर आहेत.

दशमान

शेन्झेनला कंटाळून सोडून देऊ नका. ऑगस्ट १९८० मध्ये क्षेत्र जाहीर झालं ते ३२७ चौरस किलोमीटरचं. तिथे आज जे शहर आहे त्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १ कोटी ७५ लाख भरली. याला प्रादेशिक विकास म्हणायचं नाही तर कशाला?

आणि परिणाम म्हणजे फक्त कारखाने नव्हेत. जमीन सरकारची, पण वापराचा हक्क लिलावात विकायचा, हा प्रयोग तिथे डिसेंबर १९८७ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी चीननं राज्यघटनेत दुरुस्ती करून जमीन-वापराच्या हक्काच्या हस्तांतरणाला देशभर वाट करून दिली. झोन ही नियम तपासून बघायची जागा असते. कर कमी, जमीन तयार, परवाने झटपट, एवढं केलं की बाकीचं आपोआप होतं.

कागदीघोडा

दशमान, लिलावाचा मुद्दा चांगला आहे. ‘आपोआप’वर मात्र माझा आक्षेप. शेन्झेनबरोबर त्याच वर्षी शान्टौ, झुहाई आणि शियामेनलाही हाच दर्जा मिळाला होता. सवलती साधारण सारख्याच. शान्टौ खूप मागे राहिलं. शेन्झेनला नदीपलीकडे हाँगकाँग होतं. भांडवल तिथलं, ऑर्डरी तिथल्या, जहाजंही तिथून सुटायची. हे कुठल्या कायद्यात लिहून मिळत नाही.

रेवाकाठ, आता तुमचा प्रश्न. माझं नाव वाचून धंदा कळलाच असेल. एकोणीस वर्षं झोनमधल्या कंपन्यांची कस्टम्सची कागदपत्रं करतोय. अर्थशास्त्राशी संबंध बारावीपुरता. त्यामुळे फाटकावरून जेवढं दिसतं तेवढंच सांगतो.

आपल्या २००५ च्या कायद्याचं कलम ५३ वाचा. सीमाशुल्कापुरतं झोन म्हणजे भारताबाहेरचा प्रदेश, असं ते मानतं. या एका वाक्यातून बाकीचं सगळं निघतं. रस्त्यापलीकडच्या कारखान्यानं आम्हाला पुठ्ठ्याची खोकी दिली तर ती त्याची निर्यात. आमच्याकडून एखादा सुटा भाग रस्त्यापलीकडे विकला तर ती आयात, ड्युटी भरा. कुंपणाबाहेरच्या सगळ्या भारताला आम्ही ‘डीटीए’ (डोमेस्टिक टॅरिफ एरिया) म्हणतो. नवीन पोरं पहिल्या आठवड्यात गोंधळतात आणि मग आपल्याच गावाला डीटीए म्हणायला लागतात.

तर एकदा एका कंपनीत प्लास्टिक मोल्डिंगचा डाय, म्हणजे साचा, चिरला. फाटकाच्या अगदी समोर एक वर्कशॉप होतं. माणूस हाताचा इतका पक्का की डायवर बोट फिरवून घासलेली जागा सांगायचा. काम तीन तासांचं. पण डाय बाहेर काढायचा म्हणजे अर्ज, चलन, फाटकावर नोंद, वजन, परत आणताना हाच तो डाय हे पटवणं. त्या वेळी मला चार दिवस लागले. दुसऱ्या खेपेला तीन. तिसऱ्या खेपेला अधिकारी रजेवर होते. उत्पादन बघणारे साहेब चिडून म्हणाले, “यापुढे बाहेर काही पाठवायचं नाही, एक जादा डाय मागवून ठेवा.” परदेशातून आणलेल्या डायवर आम्हाला ड्युटी नव्हतीच. हिशेबाला साहेबांचं बरोबर होतं.

सर ज्याला लिंकेज म्हणतात ते तुटताना मी असं पाहिलंय. वर्कशॉपचं दुरुस्तीचं बिल गेलं, ते किरकोळ. पण आज दुरुस्ती, दोन वर्षांनी छोटा डाय स्वतः बनवणं, पाच वर्षांनी मोठा, ही शिडी गेली. त्याच्याकडे कामाला असलेली दोन पोरंही त्या शिडीवर चढणार होती.

हे उलट कसं होऊ शकतं ते मलेशियाच्या पेनांगमध्ये बघा. १९७२ च्या सुमारास बायान लेपासच्या मुक्त क्षेत्रात परदेशी चिप कंपन्या आल्या, इंटेल त्यातलीच. काम जुळणीचंच होतं. पण तिथल्या कंपन्यांतून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांनी शेजारीच वर्कशॉपं टाकली. आधी जिग-फिक्श्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारी साधनं), मग पूर्ण यंत्रं, आणि त्यातली काही वर्कशॉपं स्वतःच निर्यातदार झाली. १९८९ मध्ये तिथे कौशल्य विकास केंद्र उभं राहिलं. सरकार आणि कंपन्यांनी मिळून ते उभारलं, आणि शिकवायचं काय हे ठरवण्यात कंपन्या पुढे होत्या. म्हणजे कुंपण तिथेही होतं. फक्त मोठ्या कंपनीला समोरच्या वर्कशॉपपर्यंत चालत न्यायचं हे कोणाचं तरी काम होतं. आमच्या झोनमध्ये ते काम कोणाच्याच टेबलावर नव्हतं. माझ्या टेबलावर तर फक्त परत आलेल्या डायचं वजन जुळवायचं होतं.

आणखी एक बघा. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर १९६५ पासून माकिलाडोरा, म्हणजे आयात केलेले भाग जोडून परत निर्यात करणारे कारखाने, उभे राहिले. लाखो नोकऱ्या झाल्या. पण पगार सोडले तर तिथे वापरल्या जाणाऱ्या मालात मेक्सिकन मालाचा वाटा कित्येक दशकं दोन-तीन टक्क्यांच्या पुढे फारसा सरकला नाही. लोक म्हणतात स्थानिक कारखाने नालायक होते. असतीलही. पण अमेरिकेचा जकातीचा नियम काय होता? सुटे भाग अमेरिकन असतील तर परत येताना फक्त बाहेर वाढलेल्या किमतीवर जकात. मग मेक्सिकन स्क्रू घेऊन कोण पायावर धोंडा पाडून घेईल? लिंकेज कुठे अडतं ते शोधताना झोनचा कायदा वाचालच, पण माल जिथे विकला जातो त्या देशाचा नियमही वाचा. तो बहुतेक जण वाचत नाहीत.

पगाराचं वेगळं सांगतो. तो फाटकातून रोज बाहेर येतो, कागदाशिवाय. बहुतेक झोनमध्ये खरं लिंकेज तेवढंच असतं. पण तो जातो कुठे? शेन्झेनमध्ये मजूर लांबच्या प्रांतांतून आले, पैसे तिकडे पाठवले. शहराची नोंदणी बहुतेकांना मिळाली नाही, त्यामुळे अनेकांची मुलंही तिकडेच राहिली. मूळ गावकऱ्यांनी आपल्या उरलेल्या जागेत सात-आठ मजली घरं बांधून खोल्या भाड्यानं दिल्या. इतकी चिकटून की या खिडकीतून त्या खिडकीत हस्तांदोलन करता यावं. त्यांना ‘हात मिळवणाऱ्या इमारती’ असंच म्हणतात. मग विकास शेन्झेनचा झाला की पैसे जिथे गेले त्या हुनान-सिचुआनच्या खेड्यांचा? दोन्हीचा, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं.

फार लांबलं. फाटकावर बसायची सवय आहे, येणाऱ्याला लवकर सोडत नाही.

रेवाकाठ

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) हे सोन्यासारखं आहे. डायचं उदाहरण नाव-गाव न घालता वापरू का? आणि एक शंका: मग ‘प्रदेश’ किती किलोमीटरचा धरायचा? शिवाय जमिनीबद्दल कोणीच बोललेलं नाही.

बांधावरचा

जमिनीचं मी बोलतो. मोजणीच्या कामात उमेदीची वर्षं गेली.

महालेखापरीक्षकांचा २०१४ चा सेझवरचा अहवाल काढा. ४५,६३५ हेक्टर जमीन अधिसूचित झालेली, प्रत्यक्ष कामकाज सुरू झालेलं २८,४८८ हेक्टरवर. उरलेली नुसती पडून. आता त्या पडून असलेल्या जमिनीला तुमच्या आकडेमोडीत रकाना कुठला? कारखाना आला नाही म्हणजे नोकरी शून्य. पण आधी तिथे जे पिकत होतं तेही शून्य झालं, ते कोणी वजा करत नाही.

दुसरं, पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात. वाट्यानं कसणारा, निंदणी-काढणीला जाणाऱ्या बायका, उन्हाळ्यात मेंढरं बसवणारा धनगर, यांची नावं कुठल्याच उताऱ्यावर नसतात. मोजणीला गेलो की हीच माणसं साखळी धरायला मदत करायची. एकदा एका बाईनं विचारलं होतं, “भाऊ, माझं किती भरलं?” तिचं काहीच भरत नव्हतं.

रायगडचं उदाहरण जरूर घ्या. महामुंबई सेझसाठी २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. म्हणजे एकीकडे सरकारी पैशातून पाणी पोचवायचं आणि दुसरीकडे तीच जमीन झोनला द्यायची. मतमोजणीचा निकाल अधिकृतपणे जाहीरच झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १४ मार्च २००७ ला पश्चिम बंगालमधल्या नंदीग्राममध्ये सेझच्या जमिनीवरून पेटलेल्या आंदोलनात गोळीबारात १४ माणसं गेली. तुमचे सर लिंकेज म्हणतात ना, गावाचा सेझशी पहिला संबंध येतो तो नोटिशीतून.

दशमान

‘आपोआप’ मागे घेतो. कागदीघोडा यांनी माझी विकेट काढली.

पण मग एक विचारतो. कुंपण हीच अडचण असेल तर ते काढून टाकलेले देशही आहेत. मॉरिशसनं १९७० मध्ये कायदा केला तो जागेला दर्जा देणारा नव्हता, कारखान्याला दर्जा देणारा होता. बेटावर कुठेही कारखाना टाका, निर्यातीचं प्रमाणपत्र घ्या. साखरेत कमावलेलं स्थानिक भांडवल हाँगकाँगच्या भांडवलाबरोबर कपड्यांत उतरलं. कामगार आपापल्या गावात राहून कारखान्यात जाऊ लागले, त्यात बायका फार मोठ्या संख्येनं. २००५ च्या सुरुवातीला जागतिक कापड-कोटा (कुठल्या देशातून किती कपडे घ्यायचे याची मर्यादा) संपला तेव्हा धक्का बसला, पण तोवर तिथे इतर धंदेही उभे होते.

पोलंडचं तर प्रादेशिक विकासासाठीच आहे. १९९४ चा कायदा, १९९५ मध्ये पहिला झोन मिएलेत्सला. विमान कारखान्यावर जगणारं गाव, तो कारखाना कोसळला म्हणून. म्हणजे कामगार होते, हातात कसब होतं, रिकाम्या शेडही होत्या. २०१८ मध्ये त्यांनी अख्खा देशच गुंतवणूक क्षेत्र केला, आणि प्रदेश जितका मागास तितकी मदतीची मर्यादा जास्त ठेवली.

आपल्याकडे उलट झालं. करसवलत सगळीकडे सारखी, मग कंपनी मागास भागात कशाला जाईल? आपल्या झोनमधले निम्म्याहून जास्त आयटीचे आहेत आणि ते मोठ्या शहरांना चिकटलेले. सॉफ्टवेअर पार्कांची जुनी करसवलत मार्च २०११ मध्ये संपली. त्याच सुमारास कंपन्यांचं नवं काम सेझच्या इमारतींत जायला लागलं. मी तेव्हा त्याच धंद्यात होतो. पाटी बदलली, बसचा मार्ग बदलला, काम तेच. निर्यातीच्या तक्त्यात मात्र सेझची रेघ चढलेली दिसते. रेवाकाठ, नवीन किती आणि सरकून आलेलं किती, हा प्रश्न सेमिनारमध्ये टाकाच.

कागदीघोडा

काका चालेल, घरी आजोबा म्हणायला सुरुवात झालीये. डाय घ्या, खुशाल वापरा.

दशमान, कुंपण काढलं की कागद संपतात असं नाही. बाँडेड गोदामाची (ड्युटी न भरता आयात माल ठेवायची जागा) नोंदवही कारखान्याच्या आत येते एवढंच. पण बांगलादेशाचं बघा. तिथे चित्तगाँगचा झोन १९८३ चा, आणि कपड्यांचा धंदा वाढला तो बहुतांश झोनच्या बाहेर, बाँडेड गोदामाच्या सोयीवर. त्याआधी ‘देश गारमेंट्स’ नावाच्या तिथल्या कंपनीनं १३० च्या आसपास माणसं शिकायला कोरियात देवू कंपनीकडे पाठवली होती. त्यातले बरेच पुढे बाहेर पडले, कोणी दुसऱ्यांच्या कारखान्यात गेले, कोणी स्वतःचे काढले. तेव्हा माणूस सुटून जातो म्हणून मालक रडतो, आणि गंमत म्हणजे प्रदेशाला फायदा तिथेच होतो. तुमच्या सेमिनारला हा एक प्रश्न पुरेल: झोनमध्ये शिकलेला माणूस बाहेर पडून काय करतो?

कंपनी गेल्यावर काय उरलं, हेही त्याच पोटातलं. कोस्टारिकात इंटेलनं १९९७ मध्ये कारखाना सुरू केला, २०१४ मध्ये जुळणीचं काम बंद केलं. तोवर तिथे वैद्यकीय उपकरणांचे कारखाने इतके झाले होते की पुढे तीच देशाची सर्वात मोठी निर्यात ठरली. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ ला सुरू, २०१४ ला बंद, हजारो माणसं घरी. २०१९ मध्ये ती जागा मोबाइलचे चार्जर बनवणाऱ्या साल्कॉम्पनं घेतल्याचं जाहीर झालं. मधल्या पाच वर्षांत त्या कामगारांनी काय केलं असेल? कोणी गावी गेलं असेल, कोणी शेजारच्या कारखान्यात. प्रदेशाच्या अभ्यासात ती पाच वर्षं धरा. निर्यातीच्या तक्त्यात तिथे नुसती मोकळी जागा दिसेल.

किती किलोमीटर धरायचे? मला ठरावीक आकडा सांगता येत नाही. मी एक करतो, तुम्हीही करून बघा. पाळी सुटायच्या वेळी फाटकासमोर उभं राहायचं आणि बसच्या पाट्या वाचायच्या. कुठल्या गावांच्या बस, किती, भरलेल्या की अर्ध्या. पाच वर्षांत पाट्यांवरची गावं लांबची झाली की समजायचं, जवळचे लोक एकतर टिकले नाहीत किंवा घेतलेच नाहीत. ठेकेदाराची बस आणि कंपनीची बस वेगळी लिहा. हे कोणत्याही अहवालात मिळणार नाही आणि याला परवानगीही लागत नाही. फाटकाच्या आतली नोंदवही मात्र कोणी दाखवणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

रेवाकाठ

पाट्या मोजणार, नक्की. बांधावरचा, ‘माझं किती भरलं’ हे वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला घेतेय, तुमची हरकत नसेल तर.

काका, एक राहिलं. तो समोरचा वर्कशॉपवाला आता काय करतो?

कागदीघोडा

लेथ विकली. वर्कशॉपच्या जागी तीन मजले चढवले, अकरा खोल्या. सगळ्या झोनमधल्या पोरांना भाड्यानं. परवा भेटला तेव्हा मी डायची आठवण काढली. म्हणाला, “यात हात काळे होत नाहीत.” खालच्या मजल्याच्या ग्रिलचं वेल्डिंग मात्र त्यानं स्वतः केलंय. काय सुबक सांधे आहेत!